शहाण्या पोरींचं रॉकेल

३ ऑगस्ट १९९०, शुक्रवार

नातीला, एस्तेरला, दात आला! खालचा, मधला. सकाळी पेज भरवताना चमच्याला टक्कन लागला. मी बोट घालून बघितलं तर चावलीच! भिंतीवरून शेजारच्या नागुबाईला हाक मारून सांगितलं. ती म्हणली, "खालचाच आधी आला ना? मग बरंय. वरचा आधी आला की मामाला जड असतंय." म्हणलं, मामा कुठून आणू? सुवार्ता माझी एकुलती एक.

सुवार्ता परदेशी नोकरीला जाताना म्हणली होती, "आई, माझ्या इस्तूचं रोजचं लिहून ठेव, मी आल्यावर वाचीन." म्हणून हे लिहिणं. माझी शाळा दुसरीतच सुटली. अक्षरं मिशनच्या बायबल-बाईनं गिरवून घेतली म्हणून शास्त्र तरी वाचता येतंय. पण लिहायला बसलं की लेकराचं कमी अन् माझंच जास्त होतंय. असो. ती आल्यावर तिला लेकराचंच वाचून दाखवीन, माझं झाकून ठेवीन.

जावईबापू डेपोतून आले. भुजंगराव एस.टी.त कंडक्टर हायत. लेकरू माझ्यापाशी म्हणून तेबी माझ्यापाशीच राहतात. तोंड उतरलेलं. म्हणले, "मामी, इराकची फौज कुवेतमधी घुसली. रेडिओवर सांगायलेत."

म्हणलं, कुवेत म्हंजे सुवार्ताचं कुवेत?

"दुसरं कुठलं हाय, मामी?"

दाताचं सांगायचं राहूनच गेलं त्यांना.

५ ऑगस्ट, रविवार

चर्चमधी आज बसायला जागा न्हाई. सगळ्या जिंतूरला कळलंय की कडूबाईची नर्स लेक तिकडं अडकली. येसूच्या नावानं सगळ्यांनी हात धरले. देवाचे उपकार.

पाळकसाहेब परभणीहून महिन्यातून एकदाच येतात, बाकीचे रविवार आमचे तात्याराव उपदेश करतात. माणूस चांगला. घसा मोठा. एका हातात शास्त्र, एका हातात पेपर. म्हणले, "इराक म्हंजे कोण? शास्त्रातलं पापी बाबेल! तीच माती, तीच फरात नदी! शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, त्या नदीपाशी चार दूत बांधून ठेवलेले हायत. ते आता सुटायलेत!" मग म्हणले, भांडण कशाचं हाय? जमिनीखालच्या तेलाचं. दुनियेतली सगळी राज्यं त्या तेलासाठी तिकडं पळायलीत, हाच शेवटचा काळ, बाबेलचा नाश ठरलेला.

मी मनात म्हणलं, होऊ दे बाबा नाश, पण आधी माझी लेक तिथून निघू दे.

बाहेर आल्यावर बायनाबाई माझ्याशेजारी पायरीवर बसली. ती तात्यारावांची बायको अन् आमच्या महिला समाजाची पुढारीण. म्हणली, "शेवटचा काळ आला म्हणून ह्यांनी घरावरचे पत्रे बदलायचं थांबवलंय. मी म्हणलं, प्रभू येईस्तोवर तरी डोक्यावर गळायला नको!" दोघी लय हसलो. असल्या दिवशी, चर्चच्या पायरीवर! पण आलं हसू.

९ ऑगस्ट

फोन लागत न्हाई. टपाल न्हाई. इस्तू पोटावर सरकून पार उंबऱ्यापर्यंत गेली. उपकार.

१५ ऑगस्ट, बुधवार

झेंडा झाला. जावईबापू इस्तूला खांद्यावर घेऊन बघायला गेले, परत आले ते रागातच. स्टँडवर कुणीतरी बोललं, "काय भुजंग, बायकोच्या पगाराचं घर बांधायचं राहिलं का आता?" इस्तूला माझ्याकडं दिलं. मला म्हणले, "मामी, मीच तिला जाऊ दिलं." मी म्हणलं, तुमी कोण जाऊ देणारे? ती दहा वर्षांची असताना एकटी पालमच्या बसमधी बसून आत्याकडं गेली होती, कुणाला न विचारता. तिला जायचंच असतंय. जाती तशी येती पण.

असं मी बोलले खरी. मग चुलीपुढं बसून धुराचं निमित्त करून रडले.

सरकार आपल्या लोकांना विमानानं आणायलंय म्हणे. पण विमान कुवेतला जात न्हाई. अम्मान म्हणून गाव हाय, जॉर्डन देशात, तिथून. जॉर्डन म्हंजे शास्त्रातली यार्देन नदीच ना? तिथं तर प्रभूचा बाप्तिस्मा झाला. मनाला तेवढंच बरं वाटलं. कुवेतपासून अम्मानपर्यंत मात्र अख्खं इराक ओलांडून जायचं. अख्खं बाबेल!

१९ ऑगस्ट, रविवार

आज तात्यारावांनी दहा कुमारींचा दाखला घेतला. नवऱ्यामुलाची वाट बघत दहा पोरी दिवे घेऊन बसल्या. पाच शहाण्या, त्यांनी जास्तीचं तेल आणलं. पाच मूर्ख, त्यांचे दिवे विझायला लागले. मूर्ख म्हणल्या, थोडं द्या. शहाण्या म्हणल्या, आमाला पुरायचं न्हाई, दुकानातून घ्या जा. त्या गेल्या, तेवढ्यात नवरामुलगा आला अन् दार बंद झालं. तात्याराव ओरडले, "आज दुनिया तेलासाठी लढायलीय! तुमच्या दिव्यात तेल हाय का?"

सगळ्या बायांच्या अंगावर काटा आला.

मग समाजाची बैठक. आमच्यात मुठीची रीत हाय. सैपाकाला पीठ घेतलं की आधी एक मूठ देवाच्या मडक्यात, रविवारी ते चर्चला. बायनाबाई उठली अन् म्हणली, "सुवार्ता येईस्तोवर मूठ रॉकेलची काढायची. कंदील पेटवायचा, घरोघर फिरवायचा. ज्या घरी कंदील, त्या घरी त्या दिवशी प्रार्थना. विझू द्यायचा न्हाई. साखळी तुटू द्यायची न्हाई."

सगळ्या व्हय म्हणल्या. माझ्या एका लेकीसाठी एवढ्या बाया आपल्या स्टोव्हमधलं काढून देणार! डबा माझ्याकडं ठेवायचा ठरलं, कारण माझं घर मधी पडतंय.

घरी सांगितलं तर जावईबापू म्हणले, "देवाला रॉकेल कशाला लागतंय मामी? देव काय स्टोव्ह पेटवतो व्हय?" पण हसले. किती दिवसांनी हसले! मग स्वतःच कंदिलाची काच राखेनं घासून दिली.

२४ ऑगस्ट

नागुबाईकडं गणपती बसला. वाटीभर मोदक घेऊन आली. तिची सून भागम्मा नववा महिना लागून पार जड झालीय, दारातच बसून राहती. नागुबाई म्हणली, "मी पण सुवार्तासाठी महादेवापुढं दिवा लावायलेय, तुमच्या येसूला चालतंय न्हवं?" म्हणलं, त्याला काय, दिवा तर दिवाच. तात्यारावांना सांगू नको म्हंजे झालं.

"तुमचे तात्याराव लय ओरडतात गं. आमच्या गंगाळातलं पाणी हलतंय."

इस्तूनं मोदक चोखला. खोबरं सगळं नाकाला.

२ सप्टेंबर, रविवार

कंट्रोलच्या, रेशनच्या दुकानाला टाळं. रॉकेलचा टँकर आला न्हाई, कधी येणार ते दुकानदाराला मालूम न्हाई. बाया कॅन रांगेत ठेवून घरी गेल्या, कॅनच बसलेत राखण करत. डिझेल न्हाई म्हणून पेडगावची गाडी बंद झाली, जावईबापूंची ड्यूटी अर्ध्यावर आली. तिकडं कुठं भांडण लागलं अन् इथं माझ्या चुलीपर्यंत आलं! तात्याराव म्हणतात तसंच व्हायलंय, म्हणलं.

समाजाचा डबा मात्र भरत चाललाय. कुणी औषधाच्या बाटलीत आणती, कुणी वाटीत. घरच्या चिमण्या विझवून आणत्यात. माझी झोपायची खोली सगळी रॉकेलनं वासायलीय. मला तो वास सोसत न्हाई, लिहूनच ठेवते. नामांतराच्या दंग्यात, अठ्ठ्याहत्तर साली, गावाकडं आमची वस्ती पेटवली तवा असाच वास सुटला होता. सुवार्ता शाळकरी पोरगी, तिचा हात धरून चालत जिंतूरला आले. अंगावरच्या कपड्यानिशी. ही नागुबाई तवा ओळखीची बी न्हवती. तिनं आपल्या ओसरीत निजायला जागा दिली, तिच्या नवऱ्यानं पुढं ही भिंतीपलीकडची जागा बघून दिली. त्याच रॉकेलचा आता आमी प्रार्थनेला दिवा लावायलोय. देवाच्या हातात गेलं की वस्तूचा स्वभाव बदलतो काय? विचारीन कुणालातरी.

६ सप्टेंबर

आज कंदील माझ्या घरी. प्रार्थना केली, "देवा, बाबेलचा नाश कर, त्याच्या फौजेचा नाश कर, माझी लेक सुखरूप आण." बोलताना लय जोर आला. इस्तू टाळ्या वाजवायली! तिला काय कळतंय, माझे हात हलले की ती टाळ्या वाजवती.

अन् हे पण लिहिते. ती मला "आई" म्हणायलीय. आजपासून. पहिल्यांदा म्हणली तवा मला इतका आनंद झाला की मी तिला उचलून घरभर फिरले. मग एकदम खाली बसले. हा शब्द माझा न्हाई.

१२ सप्टेंबर, बुधवार

झोप येईना, म्हणून लिहायला बसले.

दिवे लागायच्या वेळेला लाईट गेली. आज कंदील बायनाबाईकडं होता. तिनं सांगून ठेवलं होतं की तिच्या कंदिलातलं संपत आलंय, तू डबा घेऊन भरायला ये. मी डबा काढला. तेवढ्यात नागुबाई पळतच आली. पदर कुठं, केस कुठं.

"कडूबाई, रॉकेल दे! भागम्मा अडलीय. सुईण म्हणती उजेड पायजे, गरम पाणी पायजे. जळण ओलं हाय, नुसता धूर! दवाखान्यात न्यायला गाडी न्हाई. घरात थेंब न्हाई गं!"

माझ्या हातात डबा. तिला दिसायलाच.

मी म्हणलं, हे समाजाचं हाय. नागुबाईला माहीत होतं कशाचं हाय ते. तिनं मागणं पण थांबवलं. नुसती उभी राहिली.

माझ्या डोक्यात त्या पाच शहाण्या पोरी. त्यांनी दिलं न्हाई. शास्त्रात लिहिलंय, दिलं न्हाई, अन् त्याच आत गेल्या. कंदील विझला तर साखळी तुटणार, अन् साखळी तुटली तर माझी लेक... मला वाटलं मी एका हातानं सुवार्ताचा पदर धरलाय अन् कुणीतरी म्हणतंय सोड. मग मला दुसरंच सुचलं. त्या शहाण्या पोरी म्हणल्या होत्या, दुकानात जा. त्यांच्या गावात दुकान उघडं होतं! आमच्या कंट्रोलला तर टाळं.

डबा दिला. सगळा. मागनं मी पण गेले, इस्तूला जावईबापूंच्या मांडीवर टाकून. स्टोव्ह पेटला, दोन चिमण्या पेटल्या. सुईणीचे हात दिसायले. भागम्मानं माझं मनगट असं धरलं की वळ उठलाय.

मुलगा झाला! नाळ गळ्याला गुंडाळलेली होती. सुईण म्हणली, उजेड नसता तर दिसली नसती. नागुबाई माझ्या गळ्यात पडून रडली. तिचा म्हातारा दारात बसून "शिव शिव" म्हणत होता, मी आतनं "येसू येसू". कुणी का ऐकलं असंना, लेकरू रडलं.

बायनाबाईकडचा कंदील विझला.

१३ सप्टेंबर

बायनाबाई आली. तिला मी सगळं सांगितलं. ती बसलीच न्हाई. "मला एक हाक मारायची होतीस! आमी आमच्या पोरांना अंधारात जेवू घातलं तुझ्या लेकीसाठी. तुझ्या लेकीसाठी, कडूबाई! अन् तूच विझवलास."

मी म्हणलं, बायने, लेकरू मेलं असतं.

"अन् सुवार्ता?" म्हणली. मग स्वतःच तोंडावर हात ठेवला. पण निघून गेली.

१६ सप्टेंबर, रविवार

तात्याराव आज मोठ्यानं बोलले न्हाईत, ते जास्त लागलं. म्हणले, "कडूबाईंचं काळीज चांगलं हाय. पण चिन्ह ते चिन्ह. आपण नवसानं धरलेलं तुटलं, आता देवापुढं नम्र व्हायचं." मी मागच्या ओळीत. बाया बघत होत्या अन् बघत न्हाई असं दाखवत होत्या.

जावईबापू चर्चला कधी येत न्हाईत, आज आले होते. बाहेर आल्यावर म्हणले, "मामी, तुमी केलं ते बरोबर केलं." पण बोलताना माझ्याकडं बघितलं न्हाई.

१८ सप्टेंबर

इस्तू उभी राहिली. पेटीला धरून. कुणाला सांगावं वाटलं न्हाई. देवाला सांगितलं. देवा, मी मूर्ख पोरींत मोजली गेले असेन तर माझंच दार बंद कर. तिचं नको.

२० सप्टेंबर

नागुबाईनं कटोराभर सुंठीचे लाडू आणले. म्हणली, "बारशाला नाव तू ठेवायचं." मी? म्हणलं, मी येसूची, तुमच्यात चालतंय व्हय? "लेकराला उजेड तू दाखवला. आमच्या म्हाताऱ्यानंच सांगितलंय." नाव ठेवायचं ठरवलं — प्रकाश न्हाई, तसले आता गल्लीत तीन हायत. नागनाथ. म्हाताऱ्याच्या बापाचं. म्हातारा रडला.

उपकार म्हणायची सवय हाय म्हणून म्हणते. उपकार.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

फोन! डेपोच्या फोनवर! मुंबईहून! ती स्वतः बोलली!

जावईबापू डेपोपासून पळत आले. टोपी न्हाई, तिकिटाची पेटी तशीच गळ्यात. दारात उभं राहून बोलताच येईना, नुसते "मामी, मामी". मला वाटलं गेली. खालीच बसले. मग म्हणले, "मुंबईला उतरली. विमानानं. बरी हाय."

नागुबाई भिंतीवरून, "काय झालं गं?" मी ओरडले, "आली! आली! आली!" सगळ्या गल्लीला कळलं. मी इस्तूला उचललं अन् नाचले. गुडघे दुखतात ते उद्या बघू. देवा, लय लय लय उपकार!

२४ सप्टेंबर, सोमवार

आली. वाळलीय. काळी पडलीय. हातात एक प्लॅस्टिकची पिशवी, बाकी काही न्हाई. स्टँडवर सगळा महिला समाज हजर. बायनाबाई सगळ्यांच्या पुढं. सुवार्ताला धरून जी रडली, मला जागाच मिळेना. मग माझ्याकडं वळली. "कडू, माझं तोंड लय वाईट हाय." म्हणलं, तुझं तोंड हाय म्हणून तर समाज चालतोय. झालं, मिटलं.

इस्तू सुवार्ताकडं जाईना. माझ्या मानेत तोंड घातलं अन् "आई, आई" म्हणून रडायली. सुवार्तानं पसरलेले हात हळूच खाली घेतले. "राहू दे आई. तिला काय माहीत?" पण तिच्या डोळ्यात मला सगळं दिसलं.

२६ सप्टेंबर

आज बोलली. भाजी निवडता निवडता, वर न बघता. दवाखान्यातून बऱ्याच नर्सा एकदम निघाल्या. सगळ्यांच्या मिळून एक ट्रक केला. उन्हात पत्रा तापलेला, पाणी मोजून. इराकमधी बसरा गावाजवळ ट्रक बंद पडला. तिथं रस्त्याच्या कडेच्या एका घरातली बाई बाहेर आली, सगळ्यांना आत घेतलं. तिचा पोरगा हसन, ट्रक तोच दुरुस्त करत बसला, दोन दिवस. ती बाई रोज भाकरी थापायची, तंदूरमधी. "आई, तुझ्यासारखीच. अशी हाताला पाणी लावून." तिथल्या बायांना पोराच्या नावानं हाक मारतात, हसनची आई. आपल्यासारखंच की! सुवार्ताला ताप होता, तर तिनं डोक्यावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या. स्वतःचा काळा बुरखा काढून दिला, चौकीवर शिपाई त्रास देऊ नयेत म्हणून. भाषा कळत न्हवती. निघताना तिनं हसनकडं बोट दाखवलं, मग वर आभाळाकडं, अन् म्हणली, "दुआ." तेवढं आपल्याला कळतंयच.

मी विचारलं, अम्मानला कधी पोचलीस? म्हणली, ऑगस्ट संपता संपता. मग तंबूतच राहिलो, विमानाचा नंबर येईस्तोवर.

मी बोटं मोजली अन् लय हसले. सुवार्ता बघतच राहिली. आमी इथं कंदील फिरवत बसलो, भांडलो, मी रात्रंदिवस जळत होते, तवा ही अम्मानच्या तंबूत मसुराची आमटी खात होती!

२९ सप्टेंबर, दसरा

नागुबाई आपट्याची पानं घेऊन आली. छोटा नागनाथ कडेवर. सुवार्तानं त्याचे कान, टाळू, बेंबी सगळं तपासलं. म्हणली, एकदम टणक हाय. नागुबाई म्हणली, "रॉकेलचा हाय, पेटणारच!"

कंट्रोलवर टँकर आला. पहिली बाटली मी समाजाच्या डब्यात टाकली.

७ ऑक्टोबर, रविवार

आभारप्रार्थना झाली, जेवण झालं. तात्यारावांनी माझा हात धरून मला पुढं नेलं अन् सगळ्यांपुढं म्हणले, "मी बोललो ते मागं घेतो." एवढं बोलायला मोठं मन लागतंय. मी त्यांना बसराच्या बाईचं सांगितलं. त्यांनी लगेच शास्त्रातलं काढलं. "एलिया संदेष्ट्याला कावळ्यानं भाकर आणून दिली तशी देवानं सोय केली. देव कावळ्यालाही वापरतो."

म्हणलं, तात्याराव, कावळा कसा? तिनं पीठ मळलं, भाकर थापली. कावळ्याला काय थापता येतंय?

"दाखला हाय कडूबाई, दाखला!"

असंल. मला दाखले नीट कळत न्हाईत.

१५ नोव्हेंबर

सुवार्ताला परभणीच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. रोज बसनं जाती, संध्याकाळी येती. आता लांब जायचं न्हाई म्हणती. जावईबापू शिट्टी वाजवत कपडे धुतात.

आज सुवार्ता इस्तूला मांडीवर घेऊन माझ्याकडं बोट दाखवायली — "आजी. म्हण, आ-जी." मी आतनं ऐकत होते. इस्तू म्हणली, "आदी". मग सुवार्ताच्या गालावर थापट मारून म्हणली, "आई".

जो शब्द ज्याचा, त्याच्याकडं गेला. मला काय कमी पडलं? मला आदी मिळाला! लय गोड लागला. दोनदा परत म्हणायला लावला.

२५ डिसेंबर

नाताळ. इस्तू एक वर्षाची झाली. चालायली! चर्चच्या मधल्या वाटेनं तुरुतुरु, सरळ तात्यारावांच्या पायापाशी, उपदेश चालू असताना. त्यांनी तिला उचललं अन् तसाच उपदेश पुरा केला, तिनं त्यांचा चष्मा चोखला. बायनाबाई म्हणली, "आज पहिल्यांदा ह्यांचा आवाज बारीक निघाला." नागुबाईच्या घरी करंज्या दिल्या. सगळं भरून पावलं. बाबेल, फरात, लढाई — काहीच आठवलं न्हाई दिवसभर.

१२ जानेवारी १९९१

रेडिओवर परत तेच. अमेरिकेनं इराकला कुवेत सोडायची मुदत दिलीय. सुवार्ता रेडिओ बंद करती. मी लावते. ती परत बंद करती.

१८ जानेवारी १९९१, शुक्रवार

बॉम्ब पडायलेत. बगदादवर, बसरावर. तात्यारावांनी संध्याकाळी सगळ्यांना चर्चमधी बोलावलं. म्हणले, भविष्य पुरं व्हायलंय, बाबेल पडायलंय, कडूबाई, तुमची लेक देवानं तिथून काढली, उपकाराची प्रार्थना तुमीच करा. मी उभी राहिले. डोळे मिटले. तोंडातून आलं, "देवा, बाबेलमधी हसनची आई हाय. तिला सांभाळ. तिच्या हसनला सांभाळ. मी तिच्या गावाचा नाश मागितला होता, तो देऊ नको." आमेन कुणी म्हणलं न्हाई. मी तशीच उभी. मग मागनं सुवार्ता म्हणली. मग बायनाबाई. मग लय वेळानं, बारीक आवाजात, तात्याराव.